शेततळ्यातला तो किडा नेमका कोणता?

तासगावाकडच्या आमच्या शेततळ्यात पावसाळ्यात महाकाय पाणढेकूण हे पाहुणे हमखास दिसतात. हाताने उचलू नका. मी उचलला होता, बोट संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. चहाच्या गाळणीने धरून पाणी घातलेल्या पांढऱ्या ताटलीत सोडा.

आधी पाठ बघा. पंख मधोमध सरळ रेषेत जुळले असतील तर तो भुंगेरा, सोडून द्या. एकमेकांवर चढून टोकाला पातळ पडदा दिसला, तर ढेकणांच्या गोतातला. डोक्याखाली आखूड टोकदार सोंड, पुढचे पाय अडकित्त्यासारखे मिटणारे. मिशा शोधत बसू नका, डोळ्यांखाली लपलेल्या असतात.

आता शेपूट. लांब दोऱ्यासारखी नळी असेल तर पाणविंचू, वेगळं कुळ. (शेजारचे आबा तिला नांगीच म्हणतात, ती श्वासाची नळी.) दोन आखूड पट्ट्या आत-बाहेर होत असतील आणि मागचे पाय चपटे, केसाळ, वल्ह्यासारखे असतील, तर महाकाय पाणढेकूण, म्हणजे बेलोस्टोमॅटिडी कुळातला. यातला लेथोसेरस इंडिकस ६ सेंमीच्या वर जातो, डिप्लोनिकस त्याच्या निम्म्याहून लहान.

त्या छोट्याच्या पाठीवर दाण्यांची दाट चळत दिसली तर तो नर. मादी अंडी त्याच्याच पाठीवर चिकटवते. तसा सापडला की मी ताटली लगेच तळ्यात रिकामी करतो.