जीएमचा वाद चालू दे, या खरिपात घरापुरती लोहयुक्त बाजरी पेरा

शेतकरी दादा-ताईंनो, मृग लागला की बियाण्याच्या दुकानात गर्दी आणि मोबाईलवर मेसेजचा पूर. त्यात कुणी लिहितं की जीएम (जनुकं बदललेली) पिकं आली की कुपोषण संपेल, सरकार उगाच अडवून बसलंय, त्याच्याच खाली दुसरा लिहितो की जीएम म्हणजे निव्वळ विष. दोन्हीकडून तावातावाने चर्चा होते पण आपल्या अर्ध्या एकरात काय पेरलं तर घरातल्या पोरीबाळींच्या अंगात रक्त भरेल ते कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी वाद थोडक्यात समजून घ्या. पोषणाच्या बाजूने सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते गोल्डन राइस या जीएम तांदळाचं. पोट्रिकस आणि बायर या दोन शास्त्रज्ञांनी २००० साली हा तांदूळ जगापुढे आणला, त्यात बीटा कॅरोटीन असतं आणि शरीरात त्याचं अ जीवनसत्त्व होतं. फिलिपिन्सने २०२१ ला लागवडीला परवानगी दिली आणि एप्रिल २०२४ ला तिथल्याच अपील कोर्टाने ती थांबवली. माझं मत विचाराल तर त्या तांदळाला विष म्हणणं चूक आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि कॅनडाच्या संस्थांनी तपासून तो खायला सुरक्षित ठरवलाय. पण तो एका जीवनसत्त्वाची कमी भरून काढणार, आणि मेळघाट किंवा नंदुरबारच्या पोराला लोह कमी, प्रथिनं कमी, तेल-तूप कमी, वर जुलाब आणि हिवताप, तिथे एकटा तांदूळ किती पुरा पडणार?

आपल्याकडची स्थिती तर अजून वेगळी आहे. भारतात शेतकऱ्याने कायदेशीरपणे पेरायचं जीएम पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. बीटी वांगं २०१० ला थांबलं, जीएम मोहरीला २०२२ ला मंजुरीची पायरी मिळाली पण २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. आणि यातलं एकही पीक पोषणासाठी बनवलेलं नाही, कापूस-वांगं अळीसाठी आणि मोहरी उत्पन्नासाठी. त्यामुळे कुणी तुम्हाला "पौष्टिक जीएम बियाणं" म्हणून पाकीट दाखवत असेल तर घेऊ नका, असं काही बाजारात नाहीच. बिनबिलाचं बियाणं तर कुठलंच नको, उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

आता कामाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं आणि ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्यात. हे फक्त आदिवासी पट्ट्याचं नाही, आपल्या गावातलं, आपल्या घरातलं आहे, आणि रेशनचा गहू-तांदूळ ताटात आला तशी बाजरीची भाकरी कमी झाली हेही आपण डोळ्यांनी बघितलंय. यावर जीएम नसलेलं, साध्या निवड-संकर पद्धतीने तयार केलेलं बियाणं आपल्याकडे आधीच आहे. राहुरी विद्यापीठ आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेची धनशक्ती बाजरी २०१२ ला आली, तिच्यात किलोला साधारण ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त, नेहमीच्या वाणांत लोह ४५-५० च्या आसपास असतं. परभणी विद्यापीठाच्या एएचबी १२०० मध्ये लोह ७७ पर्यंत जातं. ज्वारीवाल्यांसाठी परभणी शक्ती आहे, लोह ४५, जस्त ३२. आणि हे नुसतं लॅबमधलं नाही, महाराष्ट्रातल्याच शाळकरी मुलांना सहा महिने लोहयुक्त बाजरीची भाकरी खाऊ घालून अभ्यास झालाय, ज्यांच्यात लोह कमी होतं त्यांची कमतरता साध्या बाजरीवाल्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात भरून निघाली.

धनशक्ती सुधारित वाण आहे, संकरित नाही, म्हणजे घरचं बी पुढच्या वर्षी वापरता येतं. एएचबी १२०० संकरित, तिचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागणार. घरापुरती पेरायची असेल तर मी धनशक्तीच सांगेन. बियाणं विद्यापीठाच्या विक्री केंद्रावर किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा आणि लवकर विचारा, संपतं.

पेरणी चांगला ओलावा झाल्यावर, १५ जून ते १५ जुलै, फार तर जुलैअखेर. एकरी दीड किलो बी पुरतं, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर. बी घरचं किंवा शेजाऱ्याचं असेल तर मिठाच्या पाण्याची प्रक्रिया चुकवू नका: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, बी ओतून हाताने ढवळायचं, वर तरंगेल ते हलकं बी आणि अरगट या बुरशी रोगाच्या काळपट गाठी चाळणीने काढून जाळून टाकायच्या, हे तरंगलेलं जनावरांना किंवा कोंबड्यांना चुकूनही घालू नका, ते विषारी असतं. खाली बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून सावलीत वाळवायचं. मग गोसावी (केवडा) रोगासाठी मेटॅलॅक्झिल ३५ टक्के हे बुरशीनाशक, किलो बियाला ६ ग्रॅम, आणि पेरायच्या आधी ॲझोस्पिरिलम हे जिवाणू खत, किलोला २५ ग्रॅम. विकतचं बी आधीच औषध लावलेलं असेल तर पाकीट वाचा, परत लावू नका.

एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, जमिनीतच जस्त कमी असेल तर दाण्यात कुठून येणार, वाण कितीही चांगलं असू दे. माती परीक्षण करा, कमतरता निघाली तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या, डीएपी किंवा सुपर फॉस्फेटसोबत कालवू नका, दोन्हीचा उपयोग कमी होतो. विरळणी दहाव्या आणि विसाव्या दिवशी, दोन रोपांत १५ सेंटीमीटर.

भावाचं खरं सांगतो, आडतीवर लोह मोजून कुणी पैसे देत नाही, तिथे ती साधी बाजरीच. म्हणून सगळं रान यात घालू नका, घरात वर्षाला जेवढी लागते तेवढी करा. बांधावर दोन शेवग्याची झाडं आणि बाजरीत तुरीची ओळ टाकली तर भाकरीसोबत कालवणही घरचंच.

खाताना भाकरीबरोबर लिंबू किंवा आवळा ठेवा, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं अंगी लागतं, आणि चहा जेवणाला लागून घेऊ नका, तासभर जाऊ द्या. लहान लेकरांना बाजरी भिजवून मोड आणून, वाळवून, दळून पेज द्या. मात्र भाकरी खाऊनही कुणी फिकट, धापा टाकणारं दिसलं तर दवाखान्यात नेऊन हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या बंद करून बाजरीवर विसंबू नका, गरोदर बायकांच्या बाबतीत तर अजिबात नाही.

बियाण्यासाठी कणसं रानाच्या मधल्या भागातून निवडा, बांधाकडची नको, कारण शेजारच्या बाजरीचे पराग तिथे आधी येतात. गोसावी, काणी किंवा चिकटा (अरगट) दिसलेलं कणीस घेऊ नका. एकाच कणसाचं बी धरू नका, पुष्कळ झाडांची कणसं एकत्र करून मळा. पीठ मात्र आठवड्यापुरतंच दळा, बाजरीचं पीठ लवकर कडू होतं आणि मग पोरं भाकरीला हात लावत नाहीत.