दुसऱ्यांदा वर्दी चढवण्याआधी

फौजेतून निवृत्त होऊन पस्तिशी-सदतिशीत गावी आलेल्या जवानाला पोलीस शिपाई होण्याची वाट अजून खुली असते. सैन्यात झालेली सेवा अधिक 3 वर्षं, एवढी वयाची सवलत माजी सैनिकाला मिळते. म्हणून सगळ्यात आधी कागद काढून ठेवा: डिस्चार्ज बुक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच बघा. दुरुस्तीला वेळ लागतो आणि जाहिरात कुणासाठी थांबत नाही.

मैदानावर तुमच्या बरोबरीला विशीतली पोरं असतील. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर 20 पैकी 20 गुण, शिवाय 100 मीटर आणि 7.260 किलोचा गोळा. फौजेतल्या जुन्या बीपीईटीच्या, म्हणजे शारीरिक क्षमतेच्या चाचणीच्या, भरवशावर पहिल्याच आठवड्यात जीव तोडून धावू नका. आधी बीपी, शुगर, गुडघे तपासून घ्या, मग हळूहळू वेग वाढवा. गोळा नुसत्या ताकदीवर जात नाही, त्याचं तंत्र कुणाकडून तरी शिकून घ्या. लेखी परीक्षा 100 गुणांची, वेळ 90 मिनिटं. गणित आणि बुद्धिमत्तेला रोज ठरलेली वेळ द्या, कारण गंज तिथेच जास्त चढलेला असतो.

यापुढची तयारी मात्र घरात बसून करायची आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं दिवाळी सीमेवर गेली, आता बाबा घरी असतील असं मुलांनी मनात धरलेलं असतं. गणपती, निवडणूक, आषाढी वारी, मोर्चे यांत पोलीस बंदोबस्तालाच असतो. 2016 मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला खरा, पण बंदोबस्त लागला की घड्याळ बघता येत नाही. हे बायकोला, मुलांना, आईवडिलांना फॉर्म भरायच्या आधी स्पष्ट सांगा. त्यांचा होकार मनापासून आहे का ते बघा.

स्वतःशीही बोला. हवालदार म्हणून निवृत्त झालात तरी इथे शिपाई म्हणूनच उभं राहायचं, आणि हुकूम देणारा पीएसआय पंचविशीचा असू शकतो. युनिटमध्ये कोणाचं ऐकायचं हे पक्कं होतं. ठाण्यात एकाच वेळी रडणारी आई, दारू पिऊन आलेला आरोपी आणि कुणा पुढाऱ्याचा फोन असं सगळं समोर येतं. अपघाताचा किंवा लहान मुलाचा पंचनामा पाहून आल्यावर झोप लागत नाही, अनुभवी माणसालाही लागत नाही. अशा रात्री मित्रांबरोबर ‘बसायची’ सवय फार लवकर जडते, तिला पहिल्याच महिन्यात नाही म्हणा. मोकळं बोलता येईल असा एक जुना सोबती आधीच हेरून ठेवा. साप्ताहिक सुट्टी मिळेल तेव्हा आधी झोपा, कामं नंतर. आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक स्वतःच्या आणि बायकोच्या मोबाईलमध्ये आत्ताच जतन करा. तो 24 तास चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुमची चिडचिड तुमच्या आधी तिच्या लक्षात येईल, तेव्हा फोन करायचा अधिकार तिलाही द्या.