पीट दलदलीतले चर बुजवताना या चुका टाळा

आयर्लंडमधल्या घुमटासारख्या पीट दलदली (पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा ओला थर) नजरेला सपाट दिसतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. 100 मीटरला 30 सेंटिमीटर उतार डोळ्यांना कळतही नाही. पण स्फॅग्नम, म्हणजे ज्यापासून पीट बनतं ते शेवाळ, टिकणार की नाही, हे साधारण तेवढ्यावर ठरतं. उतार याहून वाढला की पावसाचं पाणी मुरून थांबत नाही, कडेला निघून जातं. म्हणून आधी लेव्हल घ्या, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजा, फावडं नंतर.

पाणी अडवायला चरांत बांध घालतात. नवखे लोक हमखास करतात ती चूक म्हणजे अंतर मोजून बांध घालणं. बांधाची जागा उतार ठरवतो. चराकाठची जमीन 10 सेंटिमीटर उतरली की एक बांध. म्हणजे अर्धा टक्का उताराला दर 20 मीटरवर, एक टक्क्याला दर 10 मीटरवर. चार बांधांचं काम एका उंच बांधावर भागवू नका. तुंबलेलं पाणी बगलेनं वाट काढतं, काठ खातं आणि शेजारी नवा चर पाडतं. बांधाला वरचं सुकलेलं, भेगाळलेलं पीट अजिबात नको. खालचं काळं, मुठीत दाबल्यावर बोटांमधून सरकणारं पीट घ्या. ते दोन्ही काठांत आत घुसवून ठोका, माथा आजूबाजूच्या जमिनीच्या वर ठेवा (पीट नंतर बसतं) आणि त्यावर जिवंत शेवाळ-गवताची ढेपं लावा.

लायडारचा (हवेतून लेझरनं उंची मोजून केलेला) नकाशा जसाच्या तसा वापरू नका, त्यात हेदरच्या झुडपांची उंचीही मिसळलेली असू शकते.

ओल्या जमिनीवरून गाडी नेऊ नका. चाकोरीचाही चर होतो.

फक्त दलदलीच्या माथ्यावर लक्ष ठेवणं ही त्याहून महागात पडणारी चूक. ऑफली परगण्यातल्या क्लारा दलदलीच्या पश्चिम भागात नेमकं हेच दिसलं. पीट कापलेल्या कडेचे चर पीटखालच्या मातीपर्यंत खोल गेले होते. तिथल्या भूजलाचा दाब उतरला, वरचं पीट दबलं आणि कडेपासून बरीच आतपर्यंत जमीन खचली. उतार वाढले, पाण्याच्या वाटा बदलल्या. अशा ठिकाणी माथ्यावर कितीही बांध घाला, खालची गळती चालूच राहते. आमचा आग्रह एकच: आधी कडेनं पूर्ण फेरी मारा, प्रत्येक चराचा तळ सळईनं तपासा. सळई पीटमध्ये सहज जाते, खडी-चिकणमातीला लागली की करकरते. चराच्या तळाशीच करकर आली, तर पहिला बांध तिथे.