ड्रमचं पॅड वाजेना? नवं घेण्याआधी रबर उचकटून बघा

शिवजयंती नाहीतर गणपती तोंडावर आला की इलेक्ट्रॉनिक ड्रम किटमधलं एखादं पॅड हमखास बंद पडतं. तेव्हा आधी दोष शोधा. बंद पॅडची वायर काढून चालू पॅडला लावा. तेही गप्प झालं तर वायर बदला, बहुधा तेवढ्यावरच काम भागतं.

तसं नसेल तर पॅड उघडा. रबराखाली पत्रा आणि पत्र्याला चिकटलेली, मधे पांढरी असलेली पितळी चकती दिसेल. तो पीझो, म्हणजे ठोक्याचा हादरा विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा सेन्सर. (काही मल्टीपॅडमध्ये, म्हणजे एकाच डब्यात अनेक पॅड असलेल्या वाद्यात, चकतीऐवजी दाबावर चालणारी पातळ फिल्म असते. तिथे पीझो चालत नाही. झाकण लावून टाका.) मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून चकतीच्या दोन्ही वायरींना टेकवा आणि पत्र्यावर टिचकी मारा. आकडा उडाला तर चकती ठीक, जॅक (वायरीची पिन जिथे घुसते ते भोक) बघा. हललाच नाही तर सोल्डर सुटलंय का पाहा, कारण प्रत्येक काठीला वायर हादरत असते. चकतीला तडा असेल तरच नवी घ्या. आकार जुन्याइतकाच, बहुधा २७ किंवा ३५ मिमी. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, दोन जास्त आणा. एक तरी जळणारच.

जळते ती सोल्डर करताना. पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकलं की त्या भागाचा थर उडतो. २५ वॅटचं आयर्न पुरे. सिग्नलची वायर पांढऱ्या भागाला, ग्राउंड पितळी कडेला. जुनी तोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. सोल्डरवर ग्लूगनचा छोटा थेंब टाका, चकतीभर नको, आवाज दबतो. चकती पत्र्याला दुहेरी फोम टेपने चिकटवा. थेट चिकटवली तर मधोमध मारलं की आवाज फुटतो आणि कडेला ऐकूच येत नाही.

रबर झिजलं असेल तर ५-६ मिमीची नरम शीट घ्या. बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या बाजूला गॅस्केटचं काम करणाऱ्यांकडे तुकडा विचारून बघा, अख्खी शीट घेऊ नका. टायरचं रबर कडक असतं, मनगट दुखतं. उलट, जाड स्पंजावर हळू थाप पोचतच नाही. पत्रा पॉलिश पेपरने घासा, पत्रा आणि रबर दोघांनाही रबर सोल्यूशन लावा, दहा मिनिटं सुकू द्या, मग दाबा आणि रात्रभर वजन ठेवा. खानापूरकडच्या पावसात एका रात्रीचं काम होत नाही, दोन दिवस धरा.

शेवटी मॉड्यूलवर (पॅडच्या वायरी जोडलेला, आवाज काढणारा डबा) आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पॅड किती संवेदनशील हवं ते, मग थ्रेशोल्ड, म्हणजे किती हलक्या मारापासून वाजायचं ते, लावा. एका मारात दोनदा वाजलं तर रीट्रिगर किंवा मास्क टाइम (एका मारानंतर पुढचा मार थोडा वेळ न मोजणारी सेटिंग) वाढवा. एका पॅडवर मारताना शेजारचं वाजलं तर क्रॉसटॉक (हा हादरा दाबणारी सेटिंग) वाढवा. थ्रेशोल्ड मात्र जपून चढवा. जास्त झाला की भजनाच्या ठेक्यातले हलके बोल गायब होतात आणि नुसते जोरकस ठोके उरतात.