अमेरिकेत अँटेनावर चॅनेल गायब? आधी रीस्कॅन करा

आपल्या कोथरूड-औंधमधले बरेच आईबाबा सहा महिने मुलांकडे अमेरिकेला जातात, तिथे बेसमेंटमधला जुना टीव्ही लावला की अँटेनावर निम्मी चॅनेल दिसतच नाहीत. लगेच नवीन अँटेना घेऊ नका प्लीज. 2017 च्या सरकारी लिलावात 38 ते 51 नंबरच्या टीव्ही चॅनेलची फ्रिक्वेन्सी मोबाईलवाल्यांकडे गेली, 2020 पर्यंत शेकडो स्टेशनं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर हलवली, पण स्क्रीनवरचा नंबर तोच ठेवला त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही आणि टीव्ही जुन्याच जागी शोधत बसतो. अँटेनाची वायर काढून टीव्हीच्या मेनूतून एकदा स्कॅन (चॅनेल शोधणं) करा म्हणजे जुनी यादी पुसली जाते, मग वायर लावून परत ऑटो स्कॅन. आणि हो, मेनूत केबल नाही, अँटेना निवडा, इथेच बहुतेक जण फसतात.