रेशनच्या शिबिरात कार्डासोबत धान्याचाही अर्ज कसा करावा

तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा आता अधूनमधून गावातच येते. महसूल सप्ताहासारख्या उपक्रमात समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल मांडले जाते आणि नव्या शिधापत्रिकेचे, नाव वाढवण्याचे अर्ज जागीच घेतले जातात. तालुक्याच्या खेपा वाचतात, मजुरी बुडत नाही. तरीही शिबिरात कार्ड मिळालेल्या अनेकांना पुढच्या महिन्यात रास्त भाव दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतावे लागते, कारण कार्ड मिळणे आणि धान्य सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि टेबलापलीकडून हे कोणी आपणहून सांगत नाही.

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमानुसार महाराष्ट्रात ग्रामीण भागातील 76.32 टक्के आणि शहरी भागातील 45.34 टक्के लोकसंख्येला, म्हणजे सुमारे 7 कोटी लोकांना धान्य देता येते. या मर्यादेला पुरवठा शाखेत ‘इष्टांक’ म्हणतात. केशरी कार्ड 1 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मिळते, परंतु प्राधान्य कुटुंब म्हणून धान्य हवे असेल तर उत्पन्न ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 रुपयांच्या आत असावे लागते, शिवाय इष्टांकात जागाही असावी लागते. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, तर अंत्योदय म्हणजे सर्वात गरीब गटातील कुटुंबाला एकूण 35 किलो धान्य दरमहा मिळते आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे.

म्हणून शिबिराला जाताना दोन अर्ज न्यावेत. पहिला नमुना 1 मधला, नव्या शिधापत्रिकेसाठी. जुन्या कार्डात नाव वाढवायचे असल्यास नमुना 8. दुसरा अर्ज साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे लिहावा आणि त्याच्या विषयात ‘प्राधान्य कुटुंब लाभार्थी म्हणून समावेश करून धान्य सुरू करणेबाबत’ असे स्पष्ट नमूद करावे. त्याला उत्पन्नाचा दाखला आणि हमीपत्र जोडावे. कुटुंबप्रमुख म्हणून घरातील 18 वर्षांवरील सर्वात ज्येष्ठ महिलेचे नाव लिहावे, कारण कायद्यानेच तो मान तिला दिला आहे.

अर्ज अडतात ते बहुधा नावांवरून. सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेले नसेल, तर ते सासरच्या कार्डात चढत नाही. त्यामुळे नाव कमी केल्याचा दाखला आधी माहेरच्या तालुक्यातून आणावा. आधारवर ‘सुनिता’ आणि दाखल्यावर ‘सुनीता’ एवढ्या एका वेलांटीवरूनही कागद परत येतो, तेव्हा घरूनच सगळ्यांच्या आधारच्या प्रती समोर ठेवून नावे अक्षर न अक्षर जुळवावीत.

दोन्ही अर्जांच्या आपल्याकडील प्रतींवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. एका शिबिरात गर्दी पाहून मी शेजारच्या आजींचा अर्ज तसाच देऊन आलो. पुढे तो गठ्ठ्यात सापडला नाही आणि पोच नसल्यामुळे आम्हाला पहिल्यापासून सगळे करावे लागले.

कार्ड हाती आले की त्याचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक मागून घ्यावा. तो नसेल तर दुकानातील अंगठा घेणाऱ्या ई-पॉस यंत्राला तुमचे कुटुंब दिसतच नाही. क्रमांक मिळाल्यावर ‘मेरा राशन’ अ‍ॅपवर सर्व सदस्यांची नावे आली आहेत का, हे पाहावे आणि प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, करून घ्यावी. भांडी घासून किंवा ऊस तोडून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा ठसा यंत्र घेत नाही. अशांनी ‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅपवर चेहऱ्याने पडताळणी करावी किंवा आधार केंद्रात ठसे अद्ययावत करावेत.

अर्जावर काहीच हालचाल होत नसेल तर 1967 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि त्याच पोचेची प्रत जोडून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी दाद मागावी.

कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्यांनी मात्र तिथल्या शिबिरात नवे कार्ड मागू नये. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे गावाकडच्याच कार्डावर तिथल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात धान्य उचलता येते, आणि एकाच माणसाचे नाव दोन कार्डांवर निघाले तर चालू असलेले धान्यही बंद पडू शकते.