कोरं नाणं ग्रेडिंगला पाठवण्याआधी

टांकसाळीच्या सीलबंद पिशवीतलं नाणं म्हणजे निर्दोष, असं धरू नका. पिशवीत नाणी एकमेकांवर आपटतात, म्हणून चलनात न आलेल्या नाण्यालाही ओरखडे असतात. ग्रेडिंग म्हणजे नाण्याची स्थिती तपासून त्याला गुण देणं. त्याच्या ७० गुणांच्या मोजपट्टीवर कोऱ्या नाण्याची जागा ६० ते ७० मध्ये, आणि खरा पैसा शेवटच्या दोन-तीन गुणांत. ६५ आलेलं अलीकडचं दहा रुपयांचं नाणं विकून ग्रेडिंगची फीसुद्धा सुटणं अवघड.

त्यामुळे आधी पाचपट भिंग घ्या. कोल्हापूरच्या गुजरीतल्या कुठल्याही सराफाकडे याहून जास्त पटीचं सापडेल. दिव्याखाली नाणं कडांनी धरून हळूहळू तिरकं करा. सपाट, मोकळ्या भागात बारीक रेघ चमकली की ७० विसरा. छापातली खरी चूक मात्र वेगळी. ती कमी गुणांतही विकली जाते.

पॉलिश मात्र कुणालाही, अगदी ओळखीच्या सोनारालाही, करू देऊ नका. घासलेल्या नाण्याला पूर्ण ग्रेड मिळत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांनी तांब्यावर हिरवट थर चढतो. कडक, पीव्हीसी नसलेली कॅप्सूल आणि सिलिका जेलची पुडी पुरते.